दुकानावर जाणारा पायथन कोड झाकताना

इंदूरमध्ये सियागंजातल्या ठोक व्यापाऱ्यांपासून राजवाड्याच्या आसपासच्या कापड दुकानांपर्यंत बिलिंग आणि स्टॉकची बरीच कामं दोन-चार जणांच्या छोट्या ऑफिसांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर चालतात. त्यातलं नवं काम पुष्कळदा पायथनमध्ये असतं. प्रोग्राम काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर चढला की तो कुणीही कॉपी करू शकतं, उघडू शकतं. म्हणून कोड ऑबफस्केट करायचा, म्हणजे चालायला तसाच पण वाचायला अवघड करायचा. हे नीट कसं करतात आणि ते कुठे फसतं, ते इथे लिहितो आहे. विंडोजवर चालणारा पायथन ३ चा प्रोग्राम गृहीत धरला आहे.

आधी मर्यादा मान्य करून टाकू. कॉम्प्युटरला जे चालवता येतं ते चिकाटीच्या माणसाला कधीतरी वाचताही येतं. २००१ साली बराक, गोल्डराइख, सहाय वगैरे सात संशोधकांनी गणिताने दाखवून दिलं, की कुठलाही प्रोग्राम दिला तरी त्यातलं सगळं गुपित राखेल असा सर्वसाधारण ऑबफस्केटर बनूच शकत नाही. त्याआधी १९९७ मध्ये ऑकलंड विद्यापीठातल्या कोलबर्ग, थॉमबोर्सन आणि लो यांनी या युक्त्यांचं वर्गीकरण केलं होतं. त्यांच्या कसोट्या आजही उपयोगी आहेत: माणसाला वाचायला किती जड जातं, उलगडणाऱ्या टूलला किती जड जातं, आणि त्यापायी आपला प्रोग्राम किती मंद आणि फुगीर होतो. तिसरी कसोटी आपल्याकडे सर्रास विसरली जाते. दुकानात ४ जीबी रॅमचा जुना डबा असतो आणि समोर गिऱ्हाईक उभं असतं. बिल छापायला दोन सेकंद जास्त लागले तर कोड कितीही झाकलेला असो, सॉफ्टवेअर बदललं जातं.

तेव्हा समोरच्याची मेहनत इतकी वाढवायची की त्याला स्वतः नव्याने लिहिणं स्वस्त पडावं. एवढंच उद्दिष्ट धरलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

पायथनमध्ये पहिला गैरसमज पीवायसी फाइलचा, म्हणजे कोड कंपाइल केल्यावर बनणाऱ्या बाइटकोडच्या (पायथनला चालवायच्या सूचनांच्या) फाइलचा. मूळ फाइल काढून फक्त पीवायसी दिली की काम झालं असं पुष्कळजण समजतात. ती फाइल उघडून पाहू. एक छोटं फंक्शन घ्या, नाव ‘ठोकसूट_काढा’, त्याला ‘रक्कम’ आणि ‘ग्राहक_वर्ग’ ही दोन पॅरामीटर, आत ०.०३५ हा सवलतीचा दर आणि वर एका ओळीची डॉकस्ट्रिंग (फंक्शन काय करतं ते सांगणारा मजकूर). पायथन ३ ला देवनागरी नावं चालतात. कंपाइल केल्यावर जी फाइल तयार होते तिचे पहिले १६ बाइट म्हणजे हेडर (३.७ आवृत्तीपासून इतकेच): त्यात ४ बाइटचा मॅजिक नंबर, ४ बाइटचे फ्लॅग, आणि उरलेल्या ८ मध्ये मूळ फाइलची वेळ व आकार किंवा तिचा हॅश. ते १६ बाइट सोडून पुढचा भाग पायथनच्याच ‘मार्शल’ मॉड्यूलला दिला की अख्खा कोड ऑब्जेक्ट हातात येतो. त्यात ‘ठोकसूट_काढा’ हे नाव आहे, दोन्ही पॅरामीटरची नावं आहेत, ०.०३५ आहे, डॉकस्ट्रिंग आहे, ओळींचे क्रमांक आहेत, आणि आपल्या डी ड्राइव्हवर ती फाइल ज्या फोल्डरमध्ये होती तो पूर्ण पत्ताही आहे. त्या फोल्डरला दुसऱ्या क्लायंटचं नाव दिलं असेल तर तेही इथे उघडं पडलं. फक्त कमेंट तेवढ्या गेलेल्या असतात. मग ‘डिस’ मॉड्यूल एकेक सूचना छापून देतं आणि डिकंपायलर त्यातून जवळपास मूळ कोड उभा करतो. काही डिकंपायलर नव्या पायथनच्या मागे पडलेले असतात, उदाहरणार्थ अनकंपाइल६ हे ३.८ पर्यंतच पोचतं, पण त्यावर विसंबून राहता येत नाही.

पायइन्स्टॉलर हे पायथन प्रोग्रामची ईएक्सई करून देणारं टूल. ती ईएक्सई म्हणजे याच पीवायसी फायलींचं गाठोडं. ते सोडणारी स्क्रिप्ट सहज मिळते. पूर्वी पायइन्स्टॉलरमध्ये बाइटकोड एन्क्रिप्ट करायचा पर्याय होता, तो २०२३ मधल्या ६.० आवृत्तीत काढून टाकला गेला. चावी त्याच ईएक्सईत ठेवावी लागत होती, तेव्हा काढला हेच बरं झालं. जुने लेख वाचून तो पर्याय द्याल तर बिल्ड थांबेल.

देवनागरी नावांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. मराठी नावांनी कोड झाकला जात नाही, मात्र ऑबफस्केटर वापरताना ती नावं वेगळाच घोळ घालतात. पायथन प्रत्येक ओळखनावाचं युनिकोडच्या एनएफकेसी पद्धतीने प्रमाणीकरण करतो. ‘दुसऱ्या’ मधला ‘ऱ’ काही कीबोर्ड एका कोडने टाइप करतात, काही ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन कोडने. ओळखनाव म्हणून पायथन दोन्ही एकच मानतो. पण तेच नाव स्ट्रिंगमध्ये लिहून नावावरून शोध घेणाऱ्या ‘गेटअ‍ॅट्र’ ला दिलंत तर प्रमाणीकरण होत नाही आणि अ‍ॅट्रिब्यूट सापडत नाही. नुसत्या मजकुरावर शोधा-बदला करणारं रिनेम टूल तर या दोघांना दोन वेगळी नावं देऊन बसतं. आणि ‘र’ ला हलन्त देऊन पुढे झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) घालून तो ‘ऱ्य’ काढला असेल, तर पायथन ते नाव मुळीच स्वीकारत नाही, सिंटॅक्स एरर देतो. झाकायच्या मॉड्यूलमध्ये ओळखनावं साध्या रोमन अक्षरांत ठेवलेली बरी.

आता मुख्य काम. पहिला निर्णय: काय झाकायचं? सगळंच झाकायच्या भानगडीत पडू नका. बिलाची खिडकी, प्रिंटरचा कोड, अहवालांची मांडणी चोरून कुणाला फार फायदा नाही. झाकण्यासारखं असतं ते लायसन्स तपासणं, योजना आणि सवलतीचे हिशोब, एखादं खास जुळणीचं सूत्र. हे सगळं दोन-तीन छोट्या मॉड्यूलमध्ये वेगळं काढा. हे वेगळं काढणं हाच कामाचा सगळ्यात मोठा भाग आहे, आणि बाकी कोडलाही त्याचा फायदा होतो.

दुसरा निर्णय: काय आत ठेवायचंच नाही? डेटाबेसचा पासवर्ड, एसएमएस सेवेची की, क्लाउड बॅकअपची की. ऑबफस्केशनने यांचं रक्षण होत नाही. स्ट्रिंगवर एका बाइटचा झॉर (चावीप्रमाणे बिट उलटवणं) केला की झालं असं समजणाऱ्यांनी हिशोब करावा: शक्य चाव्या २५५, आणि त्या सगळ्या लावून पाहायला कॉम्प्युटरला डोळ्याचं पातं लवायच्या आत जमतं. शिवाय प्रोग्राम चालताना ती स्ट्रिंग मेमरीत उघडीच येते. एसएमएसची की आपल्या सर्व्हरवर ठेवा आणि दुकानातला प्रोग्राम सर्व्हरला विचारू दे. डेटाबेसला प्रत्येक दुकानाचा वेगळा युजर आणि पासवर्ड इन्स्टॉल करताना बनवा.

लायसन्सचंही तसंच. लायसन्सची चावी तपासायचं सूत्र प्रोग्राममध्ये असेल तर ते वाचून कुणीही नव्या चाव्या बनवणारं टूल लिहील. त्याऐवजी डिजिटल सही वापरा. एड२५५१९ मध्ये ३२ बाइटची पब्लिक की प्रोग्राममध्ये जाते, प्रायव्हेट की ऑफिसातून बाहेर पडत नाही, आणि लायसन्स फाइलवरची सही ६४ बाइटची असते. आता खोटं लायसन्स बनवता येत नाही. चोराकडे एकच रस्ता उरतो, तपासणीची ओळच उडवून लावायची, आणि ऑबफस्केशनची खरी गरज तिथे असते. म्हणून ही तपासणी एकाच जागी ‘हो’ किंवा ‘नाही’ परत देणारी ठेवू नका. सुरुवातीला एक, वर्षअखेरच्या अहवालात एक, आणि एखाद्या हिशोबाला लागणारी किंमत लायसन्सच्या मजकुरातूनच काढलेली, अशी विभागून ठेवा.

लायसन्स मशीनला बांधताना पायथनच्या ‘गेटनोड’ वर विसंबू नका. तो नेटवर्क कार्डाचा पत्ता देतो, पण तो सापडला नाही तर ४८ बिटांचा कुठलाही आकडा बनवून देतो, म्हणजे प्रोग्राम बंद-चालू केला की मशीन ‘बदलतं’. यूएसबी वायफाय लावला तरी उत्तर बदलू शकतं. दोन-तीन खुणा घ्या आणि त्यातल्या बहुतेक जुळल्या तर चालू द्या. मुदत तपासायची असेल तर विंडोजच्या घड्याळाबरोबर डेटाबेसमधल्या शेवटच्या बिलाची तारीखही बघा. घड्याळ मागे केलं तर तिथे लगेच कळतं.

आता झाकायची पद्धत. नावं बदलणं हा सगळ्यात स्वस्त प्रकार आहे. त्याने वेग कमी होत नाही, आणि गेलेलं नाव कुठलंही टूल परत आणू शकत नाही. म्हणून माणसाला ते खरोखर जड जातं. पण पायथनमध्ये नाव हा बऱ्याचदा डेटाच असतो, आणि इथेच बिल्ड मोडतात. फंक्शनला पॅरामीटरचं नाव देऊन दुसऱ्या फाइलमधून कॉल केला असेल तर दोन्हीकडे सारखं बदलायला हवं. प्रिंटरच्या प्रकारावरून फंक्शनचं नाव स्ट्रिंगने जोडून बोलावलं असेल तर टूलला ते दिसत नाही. डेटाक्लासचं डिक्शनरीत रूपांतर करून जीएसटी पोर्टलसाठी जेसन बनवत असाल तर फील्डची नावं बदलताच जेसनच्या कीज बदलतात आणि पोर्टल ती फाइल नाकारतं. जँगो किंवा एसक्यूएलअल्केमीच्या मॉडेलमध्ये अ‍ॅट्रिब्यूटचं नाव म्हणजेच डेटाबेसमधल्या कॉलमचं नाव. क्यूटी या खिडक्या बनवायच्या लायब्ररीत ‘ऑन_बटनाचं नाव_क्लिक्ड’ अशा नावावरून आपोआप जोडलेले स्लॉट असतील तर एररही येत नाही, बटण दाबलं तरी फक्त काही होत नाही.

सगळ्यात छळणारा प्रकार पिकलचा, म्हणजे पायथनचे ऑब्जेक्ट फाइलमध्ये साठवायच्या पद्धतीचा. पिकल फाइलमध्ये क्लासचं आणि मॉड्यूलचं नाव स्ट्रिंग म्हणून साठवलेलं असतं. मार्चच्या बिल्डमध्ये तो क्लास एका आडव्यातिडव्या नावाने गेला, एप्रिलच्या बिल्डमध्ये दुसऱ्या. अपडेट केल्याबरोबर दुकानातली जुनी सेटिंग्ज फाइल उघडेनाशी होते. ऑफिसात हे दिसत नाही, कारण तिथे प्रत्येक वेळी नवी फाइल बनते. सेटिंग्ज जेसनमध्ये ठेवा. पिकल ठेवावंच लागलं तर तो क्लास वगळायच्या यादीत टाका. अशी यादी प्रत्येक चांगल्या टूलला देता येते आणि ती रिपॉझिटरीत कोडबरोबरच राहिली पाहिजे. अँड्रॉइडवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथे आर८ या कोड आवळणाऱ्या टूलला ‘कीप’ नियम लिहितात, त्याचंच हे भावंड.

त्या दोन-तीन मॉड्यूलसाठी माझी पसंती सायथनला आहे. पायथन फाइलचं सी बनतं, सीचं पीवायडी, म्हणजे विंडोजवरची मशीन कोडची फाइल. बाइटकोड उरतच नाही, त्यामुळे डिकंपायलरचं काम संपतं आणि मशीन कोड वाचणारा माणूस लागतो. मायक्रोसॉफ्टचे सी++ बिल्ड टूल्स लागतात. पीवायडी ज्या पायथन आवृत्तीसाठी बनवली त्याच आवृत्तीवर आणि त्याच बिटांवर चालते, ३.११ ची ३.१२ वर नाही, ६४ बिटची ३२ वर नाही. जुन्या मशीनवर विंडोज ७ असेल तर पायथन ३.८ च्या पुढे जाता येत नाही, तेव्हा त्या दुकानांसाठी वेगळं बिल्ड ठेवावं लागतं.

सायथनमध्ये चार गोष्टी सांभाळा. एक, बनलेल्या सी फाइलमध्ये तुमच्या मूळ पायथनच्या ओळी कमेंट म्हणून जशाच्या तशा असतात. ती फाइल पॅकेजमध्ये गेली तर सगळं मुसळ केरात. दोन, मूळ पायथन फाइल पॅकेजमध्ये राहिली तरी प्रोग्राम बिनबोभाट चालतो, कारण इम्पोर्ट करताना पायथन आधी पीवायडी बघतो आणि मग मूळ फाइल. काहीच बिघडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही की कोड उघडा गेला आहे. तीन, डॉकस्ट्रिंग बाय डीफॉल्ट आत जातात. सायथनच्या कंपायलर ऑप्शनमध्ये त्या बंद करा. फंक्शनची नावं ट्रेसबॅकसाठी (एररच्या अहवालासाठी) आत राहतातच, तेव्हा ‘लायसन्स तपासा’ असं सरळ नाव नको.

चौथी गोष्ट पैशांची. सायथन ३ टाइप अ‍ॅनोटेशन गंभीरपणे घेतं. पॅरामीटरवर ‘फ्लोट’ लिहिलंय पण प्रत्यक्षात डेसिमल पाठवताय, हे साध्या पायथनला चालतं, तो अ‍ॅनोटेशनकडे बघत नाही. सायथन मात्र त्या डेसिमलचं निमूटपणे सीच्या डबलमध्ये (दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) रूपांतर करतं. २.६७५ दोन दशांशांवर आणलं तर डेसिमलने २.६८ येतं, डबलने २.६७. पैशाचा फरक, एररविना, फक्त ऑबफस्केट केलेल्या बिल्डमध्ये. अ‍ॅनोटेशन दुरुस्त करा किंवा ‘अ‍ॅनोटेशन_टायपिंग’ बंद करा, आणि टेस्ट कंपाइल केलेल्या मॉड्यूलवरच चालवा. मूळ कोडवर टेस्ट पास झाल्या म्हणजे काहीच सिद्ध होत नाही.

पायआर्मरसारखं टूल कोड ऑब्जेक्ट एन्क्रिप्ट करून ठेवतं आणि चालताना एका नेटिव्ह रनटाइमकरवी उघडतं. मेहनत कमी, मुदत आणि मशीनबंधन तयार मिळतं, फार मोठ्या स्क्रिप्ट ट्रायलमध्ये होत नाहीत. पण चावी शेवटी दुकानाच्या मशीनवरच असते, आणि ज्या टूलचं नाव मोठं त्याला उलगडणारेही जास्त. न्यूइट्का अख्खा प्रोग्राम सीमध्ये नेतं. बिल्डला वेळ लागतो, फुकट आवृत्तीत स्ट्रिंग आणि आकडे फारसे लपत नाहीत.

कोडचा प्रवाह गुंतागुंतीचा करणं, म्हणजे सरळ ओळींच्या जागी एक लूप, एक स्टेट व्हेरिएबल आणि उड्या, किंवा नेहमीच खऱ्या ठरणाऱ्या दिखाऊ अटी (सलग दोन पूर्णांकांचा गुणाकार सम आहे का, अशा). हे फक्त लायसन्सच्या दोन-चार फंक्शनपुरतं ठेवा. वेब भागासाठी जावास्क्रिप्ट ऑबफस्केटर वापरत असाल तर त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलंय, की कंट्रोल फ्लो फ्लॅटनिंगने वेग दीडपट मंदावू शकतो आणि डेड कोड घातल्याने आकार २०० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. तिथे सोर्स मॅप फाइल सर्व्हरवर राहू देऊ नका. ती राहिली तर ब्राउझर मूळ कोड स्वतःच दाखवतो. आणि क्रोमचं एक्स्टेंशन असेल तर ऑबफस्केशन नकोच. ऑक्टोबर २०१८ पासून क्रोम वेब स्टोअरने ते बंद केलं आहे. नावं छोटी करणं, मोकळी जागा काढणं एवढं चालतं.

अँटिव्हायरसचा त्रास हमखास होतो. एकाच फाइलची पायइन्स्टॉलर ईएक्सई दर वेळी टेंप फोल्डरमध्ये स्वतःला सोडते, त्यावर यूपीएक्स या आकार लहान करणाऱ्या टूलने दाबलेली असेल तर डिफेंडरला ती मालवेअरसारखी दिसते. यूपीएक्स हे झाकण नव्हेच, त्याचीच एक आज्ञा फाइल परत मोकळी करते. ते काढून टाका, एका फाइलऐवजी फोल्डरचं बिल्ड द्या, कोड साइनिंग सर्टिफिकेटने सही करा. तरी अडवलं तर मायक्रोसॉफ्टकडे फाइल तपासायला पाठवता येते. दुकानदाराला ‘अँटिव्हायरस बंद करा’ असं कधीही सांगू नका.

परवान्याकडे बघितल्याशिवाय बिल्ड पाठवू नये. पायक्यूटी (क्यूटीचं पायथन रूप) हे जीपीएल परवान्याखाली किंवा पैसे भरून, असं आहे. जीपीएलमध्ये सोर्स द्यावा लागतो, आणि सोर्स म्हणजे बदल करायला सोयीचं रूप, ऑबफस्केट केलेला कोड त्यात बसत नाही. बंद सॉफ्टवेअरला पायसाइड घ्या, ते एलजीपीएलखाली मिळतं. तिथेही ग्राहकाला ती लायब्ररी बदलता आली पाहिजे, म्हणून फोल्डरचं बिल्ड इथेही बरं. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये कायदेशीर प्रत असलेल्याला दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यापुरती माहिती काढायची मुभा आहे, तर कलम ६३ब खाली जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. कोडची नोंदणी करायची असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर सोर्सची निदान पहिली १० आणि शेवटची १० पानं द्यावी लागतात, काहीही न खोडता, आणि कोड २० पानांपेक्षा कमी असेल तर सगळा.

एका बाबतीत मी ठाम आहे. कोड आपला, डेटा दुकानदाराचा. त्याची बिलं, खाती, स्टॉक कधीही एक्सेलमध्ये काढता आले पाहिजेत, लायसन्स संपल्यावरसुद्धा. डेटाबेस एन्क्रिप्ट करून माणसाला बांधून ठेवणं हे ऑबफस्केशनच्या नावाखाली करू नये.

बिल्डचा क्रम असा ठेवा. काम करायच्या फोल्डरमध्ये काहीही झाकू नका. गिटमध्ये टॅग लावा, वेगळ्या फोल्डरमध्ये स्वच्छ प्रत घ्या, तिथे नावं बदला, सायथन चालवा, मूळ आणि सी फायली पुसा, कंपाइल झालेल्यावर टेस्ट चालवा, मग पॅकेज. नावांचा नकाशा, म्हणजे जुनं नाव कुठल्या नव्या नावाने गेलं ती फाइल, बिल्ड क्रमांकासह ऑफिसात दोन जागी जपा आणि पॅकेजमध्ये कधीच घालू नका. तो हरवला तर दुकानातून आलेला एररचा फोटो तुम्हालाही वाचता येणार नाही. एरर खिडकीत बिल्ड क्रमांक ठळक दाखवा, म्हणजे कुठला नकाशा उघडायचा ते फोनवरच कळेल.

शेवटी पायथन नसलेल्या कोऱ्या विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनवर पॅकेज बसवा. एक बिल करा, एक परत घ्या, जुन्या आवृत्तीचा डेटा उघडा, घड्याळ मागे करून बघा. मग अख्ख्या इन्स्टॉल फोल्डरवर स्ट्रिंग्ज हे फायलींतला वाचता येणारा मजकूर काढणारं टूल चालवून स्वतःच्या पासवर्डचे तुकडे, क्लायंटची नावं आणि डी ड्राइव्हचा पत्ता शोधा. यातलं काही सापडलं तर ते पॅकेज बाहेर जाऊ देऊ नका, बिल्ड पुन्हा पहिल्यापासून करा.